पहिला घास थोराचा

मास्कचा रबर देवकीच्या अंबाड्यात अडकला होता. सुविधाने एका हाताने मास्क तिच्या नाकातोंडावर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने एकेक आकडा काढत सासूचे केस मोकळे केले. सकाळी माळलेली अबोली उशीवर पडली. वाफेचं यंत्र घरघरत होतं, आणि त्या घरघरीवरही देवकीच्या छातीतली शीळ ऐकू येत होती.

"आई, तोंडानं घ्या. नाकानं नव्हे."

देवकीने डोळ्यांनीच होकार दिला. बोलायला श्वास शिल्लक नव्हता, तरी तिचा मोकळा हात सुविधाला खुणावत होता की उभी का, बस ना. दुपारी साडेतीनला हरमलहून निघाल्यापासून म्हापशाला पोचेपर्यंत तू नीट बस, अशी खूण तिने चार वेळा केली होती. गाडीत मागच्या सीटवर ओठ निळे पडत असतानाही तिला काळजी होती ती सुनेच्या मांडीला आपला भार होईल याची.

दसऱ्यापासूनची ही तिसरी खेप होती. देवकीचा दमा तसा जुना, अगदी परकरी वयापासूनचा. पण तो थंडीत चार दिवस मुक्कामाला येऊन आल्याच्या रसावर निघून जाणारा. साठ वर्षांत त्याने तिला कधी इस्पितळाची पायरी दाखवली नव्हती. आता दोन महिन्यांत तिसऱ्यांदा ती या खाटांच्या रांगेत आडवी होती, आणि बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या वर चढायला तयार नव्हता.

वॉर्डातल्या डॉक्टरीण डिचोलीच्या, सुविधाहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी छाती तपासली, जुने कागद चाळले आणि मागच्या दोन्ही वेळचा प्रश्न पुन्हा विचारला. घरात धूर कसला होतो?

सुविधाकडे उत्तर पाठ होतं. लेक सिद्धी चार वर्षांची असताना तिला दमा आहे असं कळलं, इनहेलरचा पंप सुरू झाला, त्या दिवसापासून तिने घरातला धूर एकेक करून हद्दपार केला होता. न्हाणीघरातली चूल गेली, गिझर आला. संध्याकाळचा ऊद गेला. मच्छरांची कॉइल गेली, उदबत्ती तुळशीपाशी अंगणात गेली, सुकी मासळी शेजारच्या पत्र्यावर वाळू लागली. महेशच्या सिगरेटी तर पहिल्याच आठवड्यात सुटल्या होत्या. देवकीने सगळं ऐकलं होतं. फक्त एकदा, शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली होती, की आमच्याकडे आता देवाकसुद्धा परमिशन काढून ऊद दाखवूचो लागता. महेश तर बायकोला इन्स्पेक्टरच म्हणायचा.

"कुणी ओढतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी सोडली, डॉक्टर. तीन वर्षं झाली," महेश म्हणाला. म्हणताना त्याने सुविधाकडे बघितलं.

"आणि ह्या?"

महेशला हसू आवरेना. "आई? रूममध्ये थोटूक गावलं तर पाहुण्याला मराठीतून शिव्या घालते ती. तो बिचारा थँक्यू म्हणतो."

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी खुदखुदली. मास्कच्या आत देवकीचे गालही हलले. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत.

"यांच्या श्वासनळ्या आतून सुजल्यात," त्या सुविधाला म्हणाल्या. "बरीच वर्षं ओढणाऱ्याच्या असाव्यात तशा. रोज काहीतरी आत जातंय. मी इथं सूज उतरवीन, पण घरी गेल्यावर तेच पुन्हा होणार असेल, तर पुढच्या वेळी तुम्ही वेळेवर पोचालच असं नाही. घर नीट बघा."

सुविधाला ते लागलं. तीन वर्षं तिने दुसरं केलं तरी काय होतं?

सकाळी महेशला खाटेपाशी ठेवून ती पहिल्या बसने हरमलला परतली. सिद्धीला शेजारून आणलं, दूध दिलं आणि पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून कामाला लागली. घराच्या मागे चार खोल्या होत्या, सीझनमध्ये भाड्याने जाणाऱ्या. तिने तिथून सुरुवात केली. उशा हुंगल्या, पडदे हुंगले, पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवलं, भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी शोधली. फिनेलची बाटली उघडून वास घेतला आणि ती अंगणात नेऊन ठेवली. कॉलेजात केमिस्ट्रीला शिकलेलं आठवेल तेवढं आठवत ती बाटल्यांची लेबलं वाचत होती, आणि एकाही लेबलावर सासूच्या छातीचं उत्तर नव्हतं.

खोल्यांच्या शेवटी ओवरीवर वेताची टोपली होती. पाहुणे मागे टाकून जात ते सगळं त्या टोपलीत जाई. ही देवकीची जुनी रीत. आठ दिवस वस्तू टोपलीत राही. कुणाचा फोन आला तर महेश पोस्टाने पाठवी, नाही आला तर ती घरची होई. अर्ध्या शांपूच्या बाटल्या, चप्पल, विजेऱ्या, एकदा तर चांगली उबदार रजई. रशियन पाहुण्यांनी टाकलेलं उन्हात लावायचं महागडं क्रीम देवकी टाचांच्या भेगांना चोळायची आणि म्हणायची, माझ्या टाचा रशियाच्या. आज टोपलीत एक चार्जर आणि एकच मोजा होता.

मग ती देवकीच्या खोलीत गेली. दुपारी सिद्धी इथे आजीपाशी निजायची. शाळेतून आली की दोघी जेवत, दार लोटून घेत आणि चारपर्यंत आवाज नसे. त्या वेळात सुविधा बुकिंगचे फोन घेई, पाहुण्यांशी बोले. खाटेखाली देवकीची पत्र्याची ट्रंक होती. सासूची ट्रंक उघडताना तिचा हात अडला. एवढ्या वर्षांत तिने ती कधी उघडली नव्हती. चिमट्यावरचा अठ्ठ्याऐंशी तिला आठवला, आणि तिने कडी सरकवली.

साड्यांच्या खाली बिस्किटांचा डबा होता. डब्यात मलमलच्या धुतलेल्या तुकड्यांत, बाळाला गुंडाळावं तसं गुंडाळून ठेवलेल्या पाच वस्तू होत्या. बोटभर लांब, गुळगुळीत, एक गुलाबी, एक हिरवी, दोन पिवळ्या, एक जांभळी. एका टोकाला चपटं तोंड. सुविधाला त्या ओळखायला क्षणही लागला नाही. वेप, विजेवर चालणारी सिगरेट. समुद्रावर बसलेली पोरंपोरी हेच तर ओढत असतात, आणि त्यांच्याभोवती फळांच्या वासाचा पांढरा ढग उभा असतो.

तिच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा महेश आला. तीन वर्षं झाली म्हणे. आईच्या ट्रंकेत लपवायची अक्कल बरी सुचली. कानशिलं तापली आणि बसमधून जाताना काय काय बोलायचं त्याची वाक्यं जुळू लागली. तेवढ्यात दारातून सिद्धीचा आवाज आला.

"आई, ते नको काढू. ते आजीचं औषध."

सुविधाने मागे वळून बघितलं. सिद्धीच्या वरच्या ओठावर दुधाची रेघ होती.

"आजीचं?"

"आजीचा पंप. माझा निळा, आजीचा पिवळा."

सुविधा खाली बसली. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून तिने विचारलं, "तुला दिला कधी आजीनं?"

सिद्धीने मान हलवली. "मला नाही देत. म्हणते, अजून बघायचंय." आणि जवळ येऊन गुलाबी नळीला नाक लावत ती म्हणाली, "पण वास मस्त येतो. आंब्याचा."

सुविधाने तिला ओढून मांडीवर घेतलं. नोव्हेंबरात सिद्धीला दोनदा जोराचे अटॅक आले होते, दोन्ही संध्याकाळी, पाचच्या सुमाराला. पहिल्याला तिने समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याला दोष दिला होता. दुसऱ्याला देवकीच्या चादरीला. ती चादर तिने सासूदेखत उकळत्या पाण्यात टाकली होती.

सिद्धीला शेजारी सोडून दुपारी पुन्हा म्हापशाला पोचल्यावर ती खाटेकडे गेलीच नाही. डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून तिने पर्समधला रुमाल उघडला. डॉक्टरांनी पिवळी नळी उलटसुलट करून बघितली आणि कुणाची म्हणून विचारलं. आईंची, असं सांगताना सुविधाला वाटलं की आता या हसतील. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या खांबाला टेकल्या.

त्यांनी समजावून सांगितलं ते थोडक्यात असं, की ही वाफ दिसते पण पाण्याची नसते. निकोटीन, वासाची रसायनं, तेलकट द्रव, हे सगळं तापून थेट छातीत उतरतं. निरोगी माणसाच्या नळ्याही त्याने चिडतात. मुळात दमा असलेल्याच्या तर सुजून आवळतातच. आता बंद केलं तर सूज उतरेल. सगळी उतरेल का, ते दोन-तीन महिन्यांनी कळेल. आणि ही वस्तू सुटताना त्यांना त्रास होईल, चिडचीड होईल, तेव्हा रागवू नका.

"आणि त्याच खोलीत लहान मूल असेल तर?" सुविधाने विचारलं. "ओढत नाही. नुसतं शेजारी निजतं."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं. "दमा आहे त्या मुलाला?"

"हो."

"मग त्यालाही लागतं. सोडलेल्या वाफेत तेच सगळं असतं. मुलाला घेऊन या सोमवारी." जरा थांबून त्यांनी विचारलं, "आजींना मी सांगू की तुम्ही सांगाल?"

"मी सांगते," सुविधा म्हणाली.

देवकी उशीला टेकून बसली होती. मास्क निघाला होता, नाकात नुसती नळी होती, आणि हातात पेजेची वाटी. सुविधाला बघून तिने आधी सिद्धी जेवली का ते विचारलं. सुविधाने महेशला चहा आणायला पाठवलं. तो जिन्यावरून दिसेनासा होईपर्यंत ती थांबली, मग पिवळी नळी चादरीवर ठेवली.

देवकी दचकली नाही. उलट तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं.

"गावला तुका," ती म्हणाली. "मी सांगतलंयच असता."

मग तिने थांबत थांबत, मध्ये दम घेत सांगितलं. दसऱ्याच्या वेळी तीन नंबरच्या रूमात एक परदेशी बाई उतरली होती, तीन आठवडे. रोज पायरीवर बसून ही नळी तोंडाला लावायची, वाफ घ्यायची, सोडायची. सिद्धीचा पंप तोंडाला लावूनच घ्यायचा असतो, इस्पितळात देतात तीही वाफच. देवकीने एकदा स्वतःच्या छातीवर हात ठेवून घरघर करून दाखवली आणि बोटाने नळीकडे खूण केली. बाई हसली, मान डोलावली, आपल्या छातीवर थोपटून दाखवलं. बाईला काय कळलं ते देव जाणे. देवकीला कळायचं ते कळलं. बाई गेली तेव्हा ड्रॉवरमध्ये दोन राहिल्या होत्या. आठ दिवस टोपलीत ठेवल्या, फोन आला नाही. पुढे इतर रूमांतून आणखी मिळत गेल्या. नळीचं तोंड गरम पाण्याने पुसून तिने सुरू केलं.

"पयल्या दिसा खोकलो इलो. चक्कर इली. हात कापूंक लागले," देवकी म्हणाली. "तेव्हा माका खात्री पटली."

"खात्री? कसली?"

"तूच सांगतलंस मगो. पंप घेतल्यार हात कापतत, म्हणजे औषद लागू पडला."

सुविधाला ते वाक्य आठवलं. सिद्धीला पहिल्यांदा पंप दिला तेव्हा देवकी घाबरली होती, आणि सुविधाने घाईघाईत, स्वयंपाकघरातून बाहेर पडता पडता, तिला एवढं एकच सांगितलं होतं.

"पण मग मला का नाही विचारलंत?"

देवकीने वाटीतली पेज चमच्याने ढवळली. "तू नको म्हटलं असतंस. तू सगळ्याक नको म्हणतस गो." त्यात राग नव्हता. पाऊस पडतो असं सांगावं तसं ती म्हणाली. "पंप घेवन त्या पोराचे हात कापतत. पेन्सिल धरूंक गावना नाय. बाईंनी वहीत लाल शेरो दिल्यानी. माझे दोन दिसांनी कापूचे थांबले. म्हटलंय, ह्या भायल्या लोकांचा औषद बरा असलां तर तिका देऊंया."

"मग दिलं का नाही?" सुविधाचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

देवकीने तिच्याकडे असं बघितलं की शिकलेल्या पोरीला एवढंही कळू नये.

"माझ्या म्हायेराक, पार्शेत, रानातली अळमी हाडली, काय पयली पोरांक वाढीत नाय," ती म्हणाली. "विषारी अळंबी खंयची ता कळना नाय, म्हणान म्हाताऱ्यान खावची. रात गेली, सकाळी म्हातारो धड उठलो, काय मगे पोरांच्या पानात. माझ्या आज्यान तसाच केल्यान, आवशीन तसाच केल्यान." तिने श्वास घेतला, तो अर्ध्यावर अडला, पुन्हा घेतला. "मी अजून उठतंय काय ता बघीत होतंय."

पलीकडच्या खाटेवर म्हातारीचा मुलगा मोबाइलवर भजन लावत होता. सुविधाने चादरीची सुरकुती हाताने सरळ केली, ती पुन्हा पडली, तिने पुन्हा सरळ केली. मग ती देवकीच्या कानाशी वाकली आणि त्या नळीत काय असतं ते सांगितलं. सिगरेट हा शब्द तिने शक्य तेवढा हळू उच्चारला.

देवकीने नळी उचलून रुमालात गुंडाळली आणि सुविधाकडे सरकवली. पदर डोक्यावरून ओढून घेतला, जणू वॉर्डात कुणी मोठं माणूस आलं होतं.

"महेशाक सांगशीत?"

"त्यांना कळायला हवं, आई. पण हसायचं नाही म्हणून मी सांगेन."

"हसतलो तो."

"हसले तर मी बघते."

देवकीच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. मग त्या तशाच राहिल्या. ती खिडकीबाहेर बघत होती. कसलं तरी गणित मांडत असावी, कारण तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करून सरकत होता. पाचावर, सिद्धीला धाप लागली होती त्या वेळेवर, येऊन तो थांबला.

"मी तिका दिलंय नाय," ती म्हणाली. "पण दुपारी आमी निजताना मी घेतंय. सोडताना तोंड तिच्याकडे करीत होतंय. म्हटलंय, थोडी थोडी लागांदी. एकदम नको पोराक." तिने मान वळवली. "त्या वाफेन काय जायत नाय मां?"

सुविधाने आजवर त्या घरात कुणाचं काही चालवून घेतलं नव्हतं. उदबत्तीच्या एका काडीचा हिशेबही तिने सोडला नव्हता, आणि सिद्धीच्या छातीच्या बाबतीत तर तिने नवऱ्याची, देवाची, कुणाचीच भीड ठेवली नव्हती. आता तिने सासूच्या हातातली वाटी घेऊन स्टुलावर ठेवली आणि ते दोन्ही हात आपल्या हातात घेतले. ते थंड होते.

"नाही," ती म्हणाली. "बाहेर सोडलेल्या वाफेत काही नसतं. नुसता वास."

"खरां?"

"डॉक्टरांना विचारलं मी. आत्ताच."

देवकीने तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. जिन्यावर महेशच्या चपलांचा आवाज आला, चहाचे ग्लास एकमेकांना लागत होते. देवकीने आपले हात हळूच सोडवून घेतले आणि नाकातली नळी नीट केली.

"बरां," ती म्हणाली. मग महेश दारात पोचायच्या आत, खालच्या आवाजात, "तरी पण थोडे दिस तिका तुझ्याकडेच निजय."